सॉलिड आमटी

"बाबा, मला मॅटर कळत नाहीये."

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी ताडकन उठलो. आमच्या चौकात 'मॅटर झाला' म्हणजे चार पोरं, दोन बुलेट आणि किमान एक फुटलेलं डोकं. "कुणाशी झाला?" मी विचारलं. कन्येने सातवीचं विज्ञानाचं पुस्तक माझ्या पुढ्यात आपटलं. सकाळी घटक चाचणी.

कन्या सेमी-इंग्रजीत, म्हणजे इतिहास मराठीत आणि विज्ञान इंग्रजीत. मी अख्खा मराठी माध्यमाचा. द्रव्य, मूलद्रव्य, संयुग, मिश्रण मला बाराखडीसारखं पाठ. बरं, इंग्रजी शब्दही काही परके नव्हते. सगळे आमच्याकडे येऊन-जाऊन असलेले. घोटाळा तिथंच झाला.

"आज आमटी कशी झाली होती, बोलला नाहीस," स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

"सॉलिड!"

"बाबा, आमटी लिक्विड असते."

त्या दिवशीची तर फारच होती, पण हे मी मनात म्हणालो.

मग एलिमेंट आलं. "हे सोप्पंय. गीझरमध्ये असतं ते. मागच्या महिन्यात आपलं गेलं नव्हतं का?" ते कशाचं असतं, असं तिने विचारलं. नायक्रोमची तार असते, हे मला बदलून घेताना कळलं होतं, तेव्हा ऐटीत सांगितलं. "नायक्रोम म्हणजे?" निकेल आणि क्रोमियम मुख्य. कन्येने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे मिक्श्चर झालं ना ते? मग एलिमेंट कुठाय?" जगात 118 मूलद्रव्यं आहेत आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात एलिमेंट म्हणून जे मिळतं, ते त्यातलं एकही नाही.

कंपाऊंडला मात्र मी सावध होतो. सोसायटीची भिंत तोंडातून निसटू दिली नाही. पण डोळ्यांसमोर आला तो आमच्या गावच्या डॉक्टरांचा कंपाऊंडर. लाल औषधाची बाटली, तिला डिंकाने चिकटवलेली कंगोऱ्यांची कागदी पट्टी, एका कंगोऱ्याला एक डोस. बाटली घरी ठेवली की तळाशी साका बसायचा, म्हणून 'हलवून घ्या'. व्याख्येप्रमाणे हे सस्पेन्शन, आपल्या भाषेत निलंबन. संयुगात घटकांचं प्रमाण ठरलेलं लागतं. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने 1:8, मग पाणी पावसाचं असो की टँकरचं. कंपाऊंडरचं प्रमाण दवाखान्यातल्या गर्दीवर असायचं. साथ आली की औषध गुलाबी व्हायचं. त्या बिचाऱ्याने जन्मभर मिश्रणंच केली आणि नाव मात्र कंपाऊंडर.

व्याख्येला धरून निघाला तो एकटा पंक्चरवाला. त्याचं सोल्यूशन अस्सल. द्रावकात विरघळवलेलं रबर.

इतक्यात हात पुसत बायको आली. ती इंदूरची, घरात मराठी, शाळेत हिंदी. "अणु म्हणजे मॉलिक्यूल," तिने येता येता सांगून टाकलं.

"अणू म्हणजे ॲटम," मी म्हणालो.

"ॲटम म्हणजे परमाणु."

"मग मॉलिक्यूल?"

"अणु! कितीदा सांगू?"

आमच्याकडे मॉलिक्यूलला रेणू म्हणतात, हे तिला पटेना. आमचा क्षार म्हणजे मीठ, तिचा क्षार म्हणजे अल्कली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, आणि इतके दिवस कोण कशाला काय समजत होतं, कुणास ठाऊक. कन्या टेनिसच्या सामन्यासारखी मान फिरवत होती.

शेवटी सब्लिमेशन उरलं. मराठीत संप्लवन. शब्द ऐकून घरात शांतता पसरली. "स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणे. उदाहरणार्थ कापूर," मी पुस्तकातलं वाचून दाखवलं.

आईला झोप लागली असावी, असा आमचा समज होता. पांघरुणातून आवाज आला, "कापूर उडतो, हे आता पुस्तकात यायला लागलं? डबीत चार मिरे टाका म्हणावं त्यांना."

पुढच्या मंगळवारी पेपर मिळाला. वीसपैकी चौदा. संप्लवनाच्या उत्तरात कन्येने कापूर लिहिला होता आणि तो उडू नये म्हणून चार मिरेही. उत्तराला पूर्ण गुण होते. खाली मॅडमनी लाल शाईने विचारलं होतं, "काळे की पांढरे?"