‘दोन आठवड्यांत लग्न? काहीही!’ या कमेंटला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव टाकलं नाहीत, त्यामुळे ताई म्हणू की दादा कळेना, नुसतं तुम्ही म्हणते. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची कमेंट थोडक्यात: अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्ती होत होती त्या काळातल्या ज्या साध्या-सोज्वळ प्रेमकथांवर मी मागे लिहिलं त्या म्हणजे ‘पाकात बुडवलेला खोटेपणा’, लहान पोर घेऊन आलेली विधवा अनोळखी शेतकऱ्याशी दोन आठवड्यांत लग्न करते हे अशक्य, आणि पहिलं चुंबन पान दोनशेला येतं म्हणजे लेखिकांना माणसं माहीतच नाहीत.

पाक आहे हो, मान्य. पण तुम्ही बोट ठेवलंत ते नेमकं चुकीच्या जागी, कारण ते घाईचं लग्न हीच त्या गोष्टींतली सगळ्यात खरी बाजू आहे.

जमिनीचा कायदा बघा ना. १८५० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉन प्रदेशासाठी जो कायदा झाला त्यात आधीपासून येऊन राहिलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि बायको असेल तर जोडप्याला ६४०, त्यातले अर्धे चक्क बायकोच्या नावावर! आणि अजून लग्न झालं नसेल तर १ डिसेंबर १८५१ च्या आत उरका. आता एवढी जमीन समोर दिसत असताना कोण प्रेमात पडायची वाट बघत बसणार? मुली शोधायची धावपळ सुटली, अगदी पोरसवदा मुलींचीही लग्नं लागली. कादंबऱ्यांतली नायिका मात्र कधी चौदा वर्षांची नसते, हे तुम्ही लिहिलं असतंत तर मी गप्प बसले असते.

मग १८६२ चा होमस्टेड कायदा. १६० एकर, पाच वर्षं तिथे राहून कसायचे, मग मालकी. यात एकटी बाई, विधवा, घटस्फोटित, कुणीही स्वतःच्या नावावर अर्ज करू शकत होती, फक्त नवऱ्यासोबत नांदणारी नाही. म्हणजे अर्ज आधी की लग्न आधी हा हिशोब प्रत्येक शहाण्या बाईला करावाच लागायचा.

आणि तुमची ‘अशक्य’ विधवा खरोखर होऊन गेली. एलिनोर प्रुइट. डेन्व्हरमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची, पदरात लहान मुलगी. १९०९ च्या वसंतात वायोमिंगमध्ये बर्न्ट फोर्कला क्लाइड स्ट्यूअर्ट नावाच्या रँचवाल्याकडे (म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याकडे) घर सांभाळायला गेली, त्याच्या लगतच्या जमिनीवर स्वतःच्या नावाने अर्ज टाकला आणि पोचल्यापासून दोनेक महिन्यांत त्याच्याशीच लग्न करून मोकळी! तुमच्या दोन आठवड्यांपेक्षा जास्त, पण फार नाही. डेन्व्हरला जिच्याकडे कामाला होती त्या बाईंना ती पत्रं लिहायची, त्यात लग्नाचं कितीतरी महिने लपवून ठेवलं, नंतर कबूल केलं तेही काय मजेत, की पेरणीच्या घाईत लग्नाला सवड कुठली, ओट्स पेरून झाले आणि पुढची कामं सुरू व्हायच्या आत मधल्या फटीत बसवून टाकलं, आधी लग्न करू, लाडीगोडी नंतर बघू असं दोघांचं ठरलं होतं. (आणि अभ्यासकांनी शोधून काढलंय की ती विधवा नव्हतीच, घटस्फोटित होती. आता बोला!)

हे वाचताना मला माझी आजी आठवली, तिने आजोबांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते अंतरपाट खाली आल्यावर. त्यांच्यात प्रेम कधी झालं हे तिलाही सांगता यायचं नाही, पण आजोबांना ताप आला की ती जेवायची नाही. या कादंबऱ्यांतही तेच, लग्नानंतर एका खोलीत दोन अनोळखी माणसं, तो तिच्यासाठी बादलीभर पाणी आणून ठेवतो आणि काही बोलत नाही, हे पन्नास पानं चालतं त्याला तुम्ही रटाळ म्हणता, मी त्याच्यासाठीच वाचते. चुंबनाचं म्हणाल तर ते बाजाराचं गणित आहे. या प्रकाराला मोठा वाचक मिळाला तो १९७९ मध्ये जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेच्या पहिल्या कादंबरीपासून, छापणारे ख्रिस्ती प्रकाशक, वाचणाऱ्या बऱ्याचशा चर्चला जाणाऱ्या बायका. पान दोनशे म्हणजे लवकरच की.

आता खरा पाक कुठे आहे ते सांगते. जमीन. ती या गोष्टींत नेहमी रिकामीच मिळते, जणू वाटच बघत होती. लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या १९३५ च्या पुस्तकातलं कुटुंब कॅन्ससमध्ये जिथे घर बांधतं ती ओसेज या तिथल्या मूळनिवासी लोकांची जमीन होती, सरकारने अजून वस्तीला खुलीही केली नव्हती. आणि पहिल्या आवृत्तीत तिथे माणसं नव्हतीच, फक्त इंडियन (म्हणजे हेच मूळनिवासी) होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. १९५२ मध्ये एका वाचकाने तक्रारीचं पत्र लिहिलं तेव्हा कुठे प्रकाशकाने ‘माणसं’ काढून ‘वसाहतवाले’ केलं. सतरा वर्षं कुणाला खटकलं नाही! माझ्याही लेखात याबद्दल अक्षर नव्हतं, ती चूक माझी, लेखात भर घालतेय.

एलिनोरची पत्रं १९१४ मध्ये पुस्तकरूपात आली, आता कॉपीराइट नाही, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. ओट्सवाली ओळ सापडली की इथेच कमेंट टाका, यावेळी नावासकट.