हतनूरचे दरवाजे एसपी उघडत नाहीत

पावसाळ्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो. त्याचा आशय असा : राज्यात जनतेच्या सुरक्षेचे खाते एकच, ते म्हणजे गृहखाते; पोलीस, अग्निशमन, पूर आल्यावर येणारे पथक, १०८ ची रुग्णवाहिका आणि होमगार्ड ही सगळी त्याचीच माणसे, जिल्ह्यात या सर्वांचे प्रमुख पोलीस अधीक्षक (एसपी) असतात, जिल्हाधिकाऱ्यांचा पोलिसांशी संबंध नसतो, आणि ११२ चा फोन जवळच्या ठाण्यातच वाजतो, म्हणून मदतीला उशीर झाला तर जाब ठाणेदाराला विचारावा. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण त्यामुळे लोकांचे अर्ज चुकीच्या टेबलावर जातात.

पहिले विधान निम्मे बरोबर आहे. पोलीस, कारागृहे, होमगार्ड आणि नागरी संरक्षण गृह विभागाकडेच आहेत. गंमत म्हणजे ज्यांचा संदेशात उल्लेखही नाही ते आरटीओ आणि दारूवर छापे घालणारा राज्य उत्पादन शुल्क विभाग हेसुद्धा मंत्रालयात गृह विभागाच्याच छत्राखाली येतात. अग्निशमन मात्र तिथे नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत ते नगरपालिकांच्या कामांत धरलेले आहे आणि महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी पाहणारे अग्निशमन सेवा संचालनालय नगरविकास विभागाखाली येते. यासाठी कायदा उघडायचीही गरज नाही. जिनिंगमधल्या कापसाला आग लागल्यावर जो बंब येतो, त्याच्या दारावर ‘नगरपरिषद’ किंवा ‘महानगरपालिका’ असे ठळक लिहिलेले असते. बंब जुना का, चालक रात्रपाळीला का नव्हता, याचे उत्तर मुख्याधिकाऱ्यांनी किंवा आयुक्तांनी द्यायचे आहे. १०८ ची रुग्णवाहिका सार्वजनिक आरोग्य विभागाची आहे, एवढे सांगितले की तो मुद्दा संपतो.

पुराबाबतचे विधान सर्वांत जास्त दिशाभूल करणारे आहे. भुसावळजवळ तापीवर हतनूरचे धरण आहे, त्याला ४१ दरवाजे आहेत आणि वरून पाण्याची आवक वाढली की त्यातले किती दरवाजे व ते कितपत उघडायचे हे जलसंपदा विभागाचे अभियंते ठरवतात. विसर्गाची सूचना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते, तिथून तहसीलदार, तलाठी आणि कोतवालामार्फत ती नदीकाठच्या गावांत पोहोचते व दवंडी पिटली जाते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि पोलीस अधीक्षक त्याचे सदस्य असतात. संदेशाने हे नेमके उलटे मांडले आहे. बोट घेऊन येणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबद्दल गैरसमज होणे मात्र समजू शकते. त्याची तुकडी धुळ्यातच असते, तिच्यातले जवान राज्य राखीव पोलीस दलातले असतात आणि राखीव दलाचा गट क्रमांक ६ ही धुळ्यातच आहे. म्हणजे माणसे पोलिसांची आहेत, पण तुकडी कुठे पाठवायची ही मागणी जिल्हा प्रशासनाकडून जाते आणि मंत्रालयात हा विषय मदत व पुनर्वसन विभाग पाहतो.

जिल्हाधिकाऱ्यांचा पोलिसांशी संबंध नसतो, हे तर सरळ चूक आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १७ सांगते की जिल्ह्यातील पोलीस दल जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली राहील, आणि जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी असतात. अर्थात हे नियंत्रण शासनाच्या नियमांच्या चौकटीतले आहे. रोजची शिस्त आणि तपासावरची देखरेख अधीक्षकांकडून नाशिक परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे आणि पुढे मुंबईत महासंचालकांकडे जाते. जमावबंदीचा किंवा तडीपारीचा प्रश्न आला की दोन्ही बाजू एकत्र दिसतात : कलम ५६ खालचा तडीपारीचा प्रस्ताव पोलीस पाठवतात, आपल्याकडच्या ग्रामीण भागात आदेश बहुधा प्रांत, म्हणजे महसुलाचे उपविभागीय अधिकारी, काढतात. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तिथे ही रचना वेगळी आहे. खानदेशात एकही आयुक्तालय नाही.

आणि पोलीस पाटील? नावात पोलीस असले तरी १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक महसुलाकडून, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने होते. गावात बेवारस मृतदेह आढळला तर तो ठाण्यात वर्दी देतो, पंचनाम्याला उभा राहतो, आणि स्वतःची रजा मात्र महसूलकडे मागतो. दोन्ही खात्यांच्या बैठकांना जाऊन जाऊन ही माणसे थकतात, हे गावातल्या कोणालाही विचारून पाहावे.

होमगार्डांचा उल्लेख संदेशात ‘कंत्राटी पोलीस’ असा येतो. ते कंत्राटी नाहीत आणि पोलीसही नाहीत. १९४७ च्या कायद्याखालची ती स्वयंसेवी संघटना आहे. सारंगखेड्याच्या यात्रेसारखा बंदोबस्त लागला की त्यांना बोलावले जाते आणि त्या दिवसांपुरता भत्ता मिळतो.

राहिला ११२. खानदेशातून लावलेला हा फोन ठाण्यात वाजत नाही, तो नवी मुंबईतल्या महापे येथील केंद्रात किंवा नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात घेतला जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग गाडीवरच्या अंमलदाराकडे जातो. शहाद्याच्या माणसाने महापेतल्या अनोळखी आवाजाला ‘मारुतीच्या पारापाशी’ असा पत्ता सांगितला, तर वेळ तिथेच जातो. गाव, तालुका आणि जिल्हा क्रमाने सांगावा लागतो. संदेशाच्या शेवटी पोलीस अधीक्षक कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक दिलेला आहे. पुराच्या रात्री लावायचा १०७७, जो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षात लागतो, तो त्यात कुठेही नाही.