आत्याचं बीज

मागच्या महिन्यात आत्याचा फोन रिचार्ज करून देताना एक नोंद दिसली. 5,000 रुपये. आठ दिवसांनी पुन्हा 5,000. आत्या निवृत्त नर्स, गुडघ्याचं ऑपरेशन पैशांपायी दोन वर्षं लांबलेलं. विचारलं तर म्हणाली, "बीज पेरलंय रे." म्हणजे देव पटीनं परत देईल म्हणून प्रचारकांकडे पाठवलेले पैसे.

आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातल्या छोट्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेले. अर्पण माहीत, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) माहीत. उपकारस्तुतीच्या सणाला लोक भोपळे, ज्वारी, गावठी कोंबडी घेऊन यायचे, उपासनेनंतर लिलाव व्हायचा आणि एखादे मामा ईर्ष्येने चार लिंबं दोनशेला उचलायचे. त्या लिंबांच्या बदल्यात देव आपल्याला फ्लॅट देईल असं मामांच्या स्वप्नातही आलं नसेल. त्या दोनशेचं काय झालं ते वार्षिक सभेत खजिनदार वाचून दाखवायचे. त्यावरून भांडणंही व्हायची, पण वाचलं तरी जायचं.

"बीज" आलं अमेरिकेतून. तिथले प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी ते टीव्हीवरून घरोघर पोचवलं: आधी तुम्ही द्या, देव पटीनं परत करेल. 1987 साली याच रॉबर्ट्सनी जाहीर केलं की मार्चअखेर 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला उचलून नेईल. जमले. त्यातले 13 लाख तर फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या एका मालकानं दिले.

पण मला जास्त छळतो तो क्रेफ्लो डॉलर यांचा किस्सा. (आडनाव खरंच डॉलर आहे.) अटलांटाजवळ यांचं भलंमोठं चर्च. 2015 मध्ये यांनी साडेसहा कोटी डॉलरच्या गल्फस्ट्रीम या खासगी जेट विमानासाठी आवाहन केलं: 2 लाख लोकांनी प्रत्येकी 300 डॉलर किंवा जास्त द्यावेत. जगभर हसू झालं, तेव्हा आवाहनाचं पान वेबसाइटवरून काढलं. मग जून 2022 मध्ये हेच गृहस्थ व्यासपीठावर उभे राहून म्हणाले की दशांशाबद्दल मी जे शिकवलं ते चुकीचं होतं, माझी त्यावरची पुस्तकं, टेप, व्हिडिओ फेकून द्या. माफी मात्र मागणार नाही, हेही तिथेच सांगितलं. पुस्तकं फेकायची, ठीक. त्या शिकवणीवर विसंबून ज्यांनी वर्षानुवर्षं पगाराचा दहावा हिस्सा दिला, त्यांनी काय फेकायचं?

या लोकांचं आवडतं वचन बायबलातलं मलाखी 3:10, दशांश भांडारात आणा. त्याच अध्यायात पाच ओळी वर जा. मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यांवर देव उठलाय. ते कोणी वाचत नाही. गरीब विधवेनं मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचंही (बारीक नाण्यांचंही) तसंच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात ती टोल्या टाकते 42 व्या ओळीत, आणि 40 व्या ओळीत येशू सांगतो की हे शास्त्री (यहुदी धर्मपंडित) विधवांची घरं गिळतात. मध्ये एकच ओळ! लहानपणापासून या उताऱ्यावर किती उपदेश ऐकले असतील, पण घरं गिळणाऱ्यांवर एकही आठवत नाही.

हिशेबाचंही बोलू. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये इमारत निधीतला पैसा खोट्या रोख्यांत दाखवून पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पत्नीच्या पॉप गाण्यांवर उधळला. सगळा घोळ 5 कोटी सिंगापूर डॉलरचा. 2015 मध्ये हे पाळक, नाव 'कॉंग ही', दोषी ठरले, तुरुंगातही गेले, कारण तिथे धर्मादाय संस्थांचे हिशेब बघणारं कोणीतरी होतं. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी आर्थिक विवरण भरावं लागतं, चर्चना त्यातून सूट. सिनेटर ग्रासली यांनी 2007 मध्ये सहा बड्या प्रचारकांकडे हिशेब मागितले, त्यात हे डॉलरही होते. चौकशी 2011 मध्ये आटोपली, शिक्षा कोणालाच नाही.

(ही पोस्ट "बघा हे मिशनरी" म्हणून फिरवायला स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनो, थोडं थांबा. आपल्या दानपेटीच्या चाव्या कोणाकडे असतात ते आधी विचारून या.)

देण्याला माझा विरोध नाही, मीही देतो. राग येतो तो पीक न उगवल्यावर काय सांगितलं जातं त्याचा. आत्याचा गुडघा आहे तसाच आहे. पैसे पाठवले त्या प्रचारकांच्या हेल्पलाइनवर तिनं फोन केला तर कुणी ताई म्हणाल्या, विश्वास कमी पडतोय, आणखी पेरा. चाळीस वर्षं रात्रपाळ्या करून दर रविवारी न चुकता उपासनेला बसलेल्या बाईला हे ऐकवलं! आणि तिनं ते खरं मानलं. आठवडाभर गप्प होती.

तिला डॉलरसाहेबांचा व्हिडिओ दाखवला, मराठीत सांगत सांगत. शांतपणे बघितला.

"मग पैसे परत केले का त्यांनी लोकांचे?"

"नाही गं."

"हं," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात दाबून चहा टाकायला उठली.