शेपूट लावू की नको?

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा सरांनी सांगितलं होतं, "शब्द नामाबद्दल बोलत असेल तर तसाच ठेवा, क्रियापदाबद्दल बोलत असेल तर मागे एलवायचं शेपूट लावा." स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. मी ही शेपटं इमानेइतबारे लावत राहिलो.

पहिल्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, कुठे राहता? घर दोन गल्ल्या सोडून. नियर राहण्याबद्दल बोलतोय, म्हणजे शेपूट हवंच. "आय लिव्ह नियरली, सर." त्याच भरात पुढचंही ठोकलं, "अँड आय वर्क हार्डली." म्हणजे हा इसम जवळजवळ जगतो आणि काम जेमतेमच करतो. नोकरी लागली. पहिला पगार हातात आला तेव्हा कळलं, साहेबांनी दोन्ही वाक्यं शब्दशः घेतली होती.

आता लेक सातवीत आहे आणि घरात व्याकरणाचा अंमल तिचा. परवा मी स्वयंपाकघरात डोकावून आमटीचं कौतुक केलं, "स्मेल्स वेल!" लेक म्हणाली, "बाबा, म्हणजे आमटीचं नाक चांगलं चालतं. गुड म्हणा." पण वास येणं हे क्रियापदच ना? आहे, पण तिथे आमटीचा गुण सांगायचा असतो, म्हणून विशेषण. बरं, तब्येत विचारली की मात्र आय अॅम वेल चालतं, कारण तिथे वेल हेच विशेषण! (मी आणि विहीर, दोघं गप्प.) फ्रेंडलीला जन्मतःच शेपूट आणि तरी ते विशेषण. फास्टला शेपूट लागतच नाही. फास्ट लोकल फास्टच जाते. स्लो लोकल स्लो जाते म्हटलं तरी चालतं, स्लोली म्हटलं तरी चालतं. दादरला उभं राहून लोंबकळणाऱ्यांना दोन्ही सारखंच.

आपल्या मराठीत कसं, गाणं छान आणि ती गातेही छान. एकाच छानमध्ये दोघांचं भागतं. तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते; चांगला बिचारा क्रियाविशेषणाचं काम करतानाही कर्त्याचं लिंग सांभाळतो. असं मी लेकीला जरा ऐटीत ऐकवलं.

काल ती परीक्षेहून आली. विचारलं, "पेपर कसा गेला?"

"अवघड गेला."

ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. यातलं अवघड पेपराचं की जाण्याचं? रात्री दोन वाजेपर्यंत कूस बदलत होतो.