फेसवॉश पेप्टाइड कापत नाही, काकू

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: 'फेसवॉशमधलं एसएलएस हे फेस आणणारं रसायन सिरममधल्या पेप्टाइडचे तुकडे करतं. पैसे पाण्यात! त्यापेक्षा सिरम मायसेलर वॉटरमध्ये कालवा. मायसेल म्हणजे नॅनो-कॅप्सूल, पेप्टाइड पोटात घेऊन थेट त्वचेत उतरतात.' खाली अकरा अंगठे. त्यातला एक आमच्या काकूंचा, म्हणून हा खटाटोप.

आधी तुकड्यांचं बघू. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती तोडायला एन्झाइम लागतं, नाहीतर तीव्र आम्लात तासन्‌तास उकळावं लागतं. पाषाणला लॅबमध्ये असताना मी प्रथिनांच्या नमुन्यात एसडीएस, म्हणजे हेच एसएलएस, घालून पाच मिनिटं ९५ अंशांवर तापवायचे आणि प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चढवायचे. रंगवल्यावर निळे पट्टे आपापल्या वजनाच्या जागी, रेखीव. साखळ्या तुटत असत्या तर नुसता ओघळ दिसला असता. लेमली या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही त्याच भरवशावर चालते. (एवढा दरारा असलेलं हे एसडीएस पुण्याच्या डिसेंबरात बाटलीत पांढरं होऊन बसायचं. कोमट पाण्यात धरलं की पुन्हा नितळ.)

बदलतो तो आकार. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन २६ अमिनो आम्लांचं. विरळ द्रावणात ते सैलसर असतं. मायसेल भेटलं की मळसूत्रासारखं वळतं आणि आपली तेलकट बाजू त्याच्याकडे करतं. सिरममधल्या तीन-चार अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला तर मोडायला घडीच नसते.

आता 'कॅप्सूल'. एसडीएसचं मायसेल म्हणजे साधारण ६० रेणूंचा, चारेक नॅनोमीटरचा घोळका: रेणूंच्या तेलकट शेपट्या आत, पाण्यात रमणारी डोकी बाहेर. त्याला कवच नाही. स्वारगेटच्या रांगेसारखं, रांग तीच, माणसं बदलत राहतात. साध्या पाण्यात लिटरला सुमारे २.३ ग्रॅमपेक्षा कमी एसडीएस असेल तर घोळका जमतच नाही. तोंडावर चार ओंजळी पाणी मारलं की उरलेल्या फेसाची तीच गत.

आणि पोटात शिरतं कोण? सिरममधल्या कॉपर पेप्टाइडमधली ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन ही अमिनो आम्लांची त्रयी पाण्यात रमणारी. लायसिनच्या धन भारामुळे ती एसडीएसच्या ऋण डोक्यांना बाहेरूनच चिकटेल. मायसेलर वॉटरमध्ये बहुधा भार नसलेले सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखे मळ सोडवणारे रेणू, असतात, तिथे हीही ओढ नाही. पाल्मिटॉइल पेप्टाइड या दुसऱ्या प्रकाराची सोळा कार्बनची तेलकट शेपटी मात्र खरंच आत घुसते. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर. पण आत घुसलेलं तिथेच राहायला बघतं. मग आपण ते पाणी कापसाने पुसून टाकतो. सुरकुत्या कापसाच्या जातील.

'मग त्या मायसेलर वॉटरच्या बाटलीचं काय करू गं?' काकूंनी विचारलं.

मेकअप काढा, काकू. त्यासाठीच आहे ती. सिरम नंतर, धुतलेल्या चेहऱ्यावर.