उद्यमबागेतली जळकी वाळू

बेळगावातल्या मित्रांशी बोलताना एक वाद हमखास निघतो. कारखानदार म्हणतात, कॉलेजवाल्यांचे पेपर आमच्या भट्टीला काय कामाचे? प्राध्यापक म्हणतात, आम्हाला गेटच्या आत घेता तरी कधी? दोघांचंही खरं आहे, म्हणून जर्मनीत बसून हे ऐकताना जीव तुटतो.

अंतराची अडचण नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतणारे कारखाने आहेत, तिथंच गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि 1998 मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं (व्हीटीयू) मुख्यालयही बेळगावलाच. अडचण आहे ती वाळूची. साच्यातली वाळू पुन्हा पुन्हा वापरली की तिला बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती जळून तिची पकड जाते, बारीक भुकटी वाढते, वायू बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, ब्लोहोल (वायूची पोकळ छिद्रं) येतात. ही वाळू टाकायची कुठे, की साफ करून परत वापरायची? एकट्या छोट्या कारखानदाराला एवढं संशोधन झेपत नाही.

जर्मनीत सामूहिक औद्योगिक संशोधनाची योजना 1954 पासून चालते. एका धंद्यातले कारखाने सगळ्यांची अडचण मांडतात, संशोधन संस्था काम करतात, सरकार पैसा देतं आणि निष्कर्ष सर्वांना खुले होतात. मंजुरीला वेळ लागतो, कागदपत्रांना लहान कारखानदार वैतागतात, हेही खरं. पण उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत प्राध्यापक व्हायला सहसा 5 वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली 3 वर्षं विद्यापीठाबाहेरची. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानेही (यूजीसी) 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट उघडली. पदव्यांपेक्षा तिथं अनुभव पाहतात. फाउंड्रीत आयुष्य घालवलेली माणसं आपल्या कॉलेजांनी बोलवायलाच हवीत.

आणि कोल्हापूरला वगळून हे होणार नाही. तिथल्या शिरोलीच्या फाउंड्र्यांनाही वाळू छळतेच. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि बेळगाव महाराष्ट्रात यावं हे माझं मत बदललेलं नाही. पण मी राहतो त्या आखेनचा परिसर 1976 पासून शेजारच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या सीमाभागांबरोबर एकत्र काम करतो, आणि सीमाभागासाठीचा युरोपीय निधी सीमेपलीकडचा भागीदार असल्याशिवाय मिळतच नाही. आपल्याला असा निधी नाही, तर सुरुवात वर्गणीने व्हावी. दोन्हीकडच्या कारखानदारांनी पैसे घालावेत, शिवाजी विद्यापीठ आणि व्हीटीयूने माणसं द्यावीत, आणि वाळूची सामाईक प्रयोगशाळा निपाणीत उभारावी. बेळगाव-कोल्हापूर हायवेवरचं गाव आहे. कुठूनही सकाळी नमुना घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी घरी परतेल.