ऐंशी स्क्वेअर फूट

चार वर्षांत कॉलेजातल्या प्रत्येक सरांनी, मॅडमनी आणि एकदा तर कँटीनवाल्या काकांनीही मला एकच वाक्य ऐकवलंय : "जरा मोकळी जागा ठेव." काकांचं म्हणणं टेबलावर पसरलेल्या माझ्या शीट्सबद्दल होतं, बाकीच्यांचं लेआउटबद्दल. पहिल्या वर्षी ते मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी कळल्यासारखं वाटलं. चौथ्या वर्षाला येईतो मोकळ्या जागेवर माझी अशी काही श्रद्धा बसली, की ए-थ्री पोस्टरच्या एका कोपऱ्यात चार शब्द टाकून उरलेला कागद मी अभिमानाने कोरा ठेवायला लागले. सुट्टीत कराडला गेले तेव्हा आईने ते पोस्टर नीट निरखलं आणि विचारलं, "अजून करायचंय ना?"

माझ्या पदवीचं नाव बी.एफ.ए., उपयोजित कला. यातला 'उपयोजित' बाबांना आवडतो, कारण त्यात 'उपयोग' आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, पण ते दहावीला कलेचे वाढीव गुण मिळणार म्हणून. पुढे सीईटी देऊन मी खरोखरच तिकडे जाईन, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. आणि हिशेब हा बाबांचा धंदाच. ते पतसंस्थेत आहेत. माझ्या भवितव्याबद्दल त्यांच्याकडे एकच आधार आहे, रुपयाचं चिन्ह. "२०१० साली ते चिन्ह ठरलं. करणाऱ्याला बक्षीस अडीच लाख! दोन आडव्या रेघा, एक वळण, एक तिरपी. रेघेला किती पडले बघ." हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी मात्र त्यांना एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. नायकेची ती बरोबरच्या खुणेसारखी सुप्रसिद्ध रेघ १९७१ साली एका ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थिनीनेच काढून दिली होती, ३५ डॉलरला. पुढे कंपनीने तिला शेअर दिले, पण त्याला बारा वर्षं लागली. तेवढा दम बाबांना निघायचा नाही.

मला स्वतःला अक्षरं करायची आहेत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी हाताने काढलेली शीर्षकं पाहिली आणि तिथेच माझं बिघडलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी स्वतःचा देवनागरी फॉन्ट घेतला. गाईड मॅडम म्हणाल्या, "रोमन घे, लवकर सुटशील." मी बाणेदारपणे नाही म्हटलं. जोडाक्षरं धरून देवनागरीला शेकडो आकार काढावे लागतात, हा हिशेब मी फेब्रुवारीत केला. तोवर क ते ण झालं होतं. बाबांना पटावं म्हणून म्हटलं, "तुम्ही ऑफिसात रोज ज्यात टाइप करता ना, तो मंगल फॉन्टही एका मराठी माणसाने केलाय, र. कृ. जोशींनी." बाबा क्षणभर खरंच भारावले. मग म्हणाले, "त्यांची दुसरी नोकरी काय होती?"

नोकरीचं विचाराल तर जाहिराती भरपूर असतात. 'ग्राफिक डिझायनर पाहिजे. फ्रेशर चालेल. अनुभव दोन वर्षे.' खाली फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल, फिगमा, व्हिडिओ एडिटिंग, रील्स, सोशल मीडिया आणि 'स्वतःची टू-व्हीलर असल्यास प्राधान्य'. एका ठिकाणी मुलाखतीला गेले. साहेबांनी माझा पोर्टफोलिओ फोनवर अंगठ्याने असा सर्रकन वर ढकलला, की माझी चार वर्षं अकरा सेकंदांत छताकडे निघून गेली. मग म्हणाले, "छान. घरून पाच पोस्ट करून पाठव, टेस्ट म्हणून." पाठवल्या. उत्तर आलं नाही. पाचपैकी तीन पोस्ट मात्र त्यांच्या पेजवर दिसल्या.

अशा मनःस्थितीत मार्चमध्ये मामाचा फोन आला. "आगं, भाऊंचा वाढदिवस हाय. चौकात फ्लेक्स लावायचाय, दहा बाय आठ. घरात आर्टिस्ट असताना भायेर कशाला द्यायचा?"

भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे भावी. कशाचे भावी, ते दर निवडणुकीला बदलतं. मी तीन दिवस खपले. मधोमध भाऊंचा फोटो, बाजूला माझ्याच अक्षरांतलं 'हार्दिक शुभेच्छा' (त्यासाठी पुढची अक्षरं रात्र जागून काढली, प्रोजेक्टला न मिळालेली गती भाऊंना मिळाली), आणि भोवती शांत, मोकळी, श्वास घेणारी जागा. मामाने ते फोनवर पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही.

"नेटवर्क गेलं का गं? अर्धंच उघडलंय."

"अर्धं नाही मामा, पूर्णच आहे. ती व्हाइट स्पेस आहे."

"हे बघ, दहा बाय आठ म्हंजे ऐंशी स्क्वेअर फूट. पैसे ऐंशीचे मोजलेत. तू चाळीस मोकळं ठेवलंस. प्लॉट घिऊन कोण अर्धा बांधतंय का?"

यावर उत्तर आमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात नाही. मी शोधलं.

मग व्हॉट्सअॅपवर डोकी येऊ लागली. शुभेच्छुकांची एकूण एकतीस. एक फोटो पासपोर्टचा, कपाळावर स्टेपलरची खूण. एक लग्नातून कापलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात. "हात ठेव," मामा म्हणाला, "हात पण आपल्यातल्याचाच हाय." कुणाचं डोकं कुणाहून मोठं यावर दोन दिवस वाटाघाटी चालल्या. आम्हाला हायरार्की शिकवली होती, पण ती मजकुराची. भाऊ स्वतः गॉगल लावून, कानाला मोबाइल धरून, लांब क्षितिजाकडे बघतायत. फोनवर बोलणारा माणूस शुभेच्छा कशा स्वीकारणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

स्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात फाइल घेऊन गेले. तिथल्या ऑपरेटर दादाने ती उघडली, एक भुवई वर केली आणि म्हणाला, "ताई, कर्व्ह नाही केलं?"

अक्षरं छपाईला देण्याआधी कर्व्ह करायची, म्हणजे त्यांचा टाइप मोडून निव्वळ आकार करून टाकायचा, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. त्या दिवशी माझी गैरहजेरी नव्हती, नुसतं लक्ष नव्हतं. लॅपटॉप घरी, लाइट गेलेले, आणि मामाचा दर दहा मिनिटांनी फोन. "राहू द्या, मी करतो," दादा म्हणाला. त्याचं कोरल जुनं, त्यातले फॉन्टही जुन्या पद्धतीचे. त्याने माझा मजकूर एका कन्व्हर्टरमधून काढला, जाड फॉन्टला लाल रंग, त्याला पिवळी कड, तिला काळी सावली, एकतीस डोकी गोलांत, गोलांना सोनेरी कडा. चहा संपायच्या आत. पूर्ण वेळ त्याने माउसला हात म्हणून लावला नाही, सगळं कीबोर्डवर. मी मत्सराने बघत उभी. मला अन्‌डू सोडून एवढ्या झटकन काहीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात चढला आणि मी मान वर करून वाचलं : 'हादिर्क शुभेच्छा'.

जुन्या फॉन्टमध्ये मजकूर फिरवताना रफार असा एक घर पुढे सरकतो, हे मी जाणते. त्यावर सेमिनारमध्ये पाच स्लाइड्स दाखवल्या आहेत. खाली 'सर्व कायर्कर्ते' होतेच. मी मामाला गाठून रफाराचं सांगितलं. त्याने वर पाहिलं, वाचलं, पुन्हा वाचलं. "बरोबर तर हाय. हार्दिक."

दहा दिवस तो फ्लेक्स तिथे होता आणि दहा दिवस मी मागच्या बोळातून गेले-आले. चूक कुणाच्याही लक्षात आली नाही. भाऊंनी मामाला मिठी मारली. एकतीस जणांनी फ्लेक्सपुढे सेल्फी काढले. लग्नातल्या हाताचा मालकही येऊन हात दाखवून गेला. तक्रार एकच आली, बत्तिसाव्याची.

एप्रिलमध्ये आमचं डिस्प्ले झालं. सनबोर्डवर माझा फॉन्ट लागला, क ते ज्ञ, जोडाक्षरं जमली तेवढी. बाहेरून आलेले परीक्षक 'र'च्या शीटपुढे थांबले. म्हणाले, "रफार छान बसलाय." मला हसावं की रडावं कळेना, मी "थँक्यू सर" म्हटलं. जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, "लग्नपत्रिका करता का? पुतण्याची आहे."

निकाल अजून लागायचाय. परवा उरलेलं सामान आणायला एसटीने पुण्याला निघाले. पाऊस सुरू झालेला. कराड सोडल्यावर रस्त्याकडेला एका गोठ्यावर फ्लेक्स टाकून चारी बाजूंनी दगड ठेवले होते. वारा आला, कड उलटली आणि खालून गॉगल लावलेले भाऊ क्षणभर डोकावले. शेतकऱ्याने छापलेली बाजू खाली घातली होती, म्हशींकडे. वर सगळी कोरी पाठ. ऐंशीच्या ऐंशी स्क्वेअर फूट, पांढरंशुभ्र, पावसाने धुतलेलं. उजवीकडे खाली, अगदी लोगो असावा तिथे, एक कावळा बसला होता.

बस सुटायच्या आत फोटो मिळाला, कारण पुढे ट्रॅक्टर आडवा होता. पोर्टफोलिओत तो बाराव्या पानावर आहे.